हँड गिअर काढला ते वर्ष

लातूर जिल्हा झाला आणि आमचं घर दोन गावांत विभागलं गेलं. हे सरकारी नोकरीत होते, जमिनीखालचं पाणी शोधायच्या खात्यात. नव्या जिल्ह्याला नवं ऑफिस हवं होतं आणि ऑफिसला माणसं. नांदेडहून ज्यांना उचललं त्यांत हे एक. मी नांदेडात मुलींच्या खाजगी शाळेत मराठी शिकवत होते. तिथं बदली हा प्रकारच नव्हता. एक तर नोकरी करायची, नाही तर सोडायची. शिवाय घरात सासूबाई होत्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. यांचं घर मूळचं उदगीरकडचं, लिंगायतांचं, आणि तिकडं आईला अव्वाच म्हणतात. अव्वांना दमा होता. नांदेडच्या एका डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला होता आणि त्यांना सोडून त्या कुठंही यायला तयार नव्हत्या.

"तू जा रे," त्या यांना म्हणाल्या. "आम्ही दोघी हाव की हितं."

यांनी लातूरला एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. नवं ऑफिस भाड्याच्या घरात होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असत आणि साहेबांची खुर्ची देवघराच्या कोनाड्यापुढं होती, असं ते सांगायचे. मला ते कधी बघायला मिळालं नाही. मला वाटायचं, आपण तिथं असतो तर दुपारी डबा घेऊन गेलो असतो.

आमच्याकडे तेव्हा एक जुनी पांढरी गाडी होती. ओळखीच्या एका वकिलांनी वयामुळे चालवणं सोडलं, त्यांच्याकडून ती आमच्याकडे आली. पुढं एकच सलग सीट, बाकड्यासारखी, आणि गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खाली डाव्या बाजूला आडवी. त्याला सगळे हँड गिअर म्हणायचे. पायाशी काही नसल्यामुळं पुढं तीन माणसं सहज मावायची.

नांदेडचं घर दोन खोल्यांचं. रविवारी दिवसभर माणसं. कुणाला शेतात बोअर घ्यायचा असायचा, कुणाला नुसतं विचारायचं असायचं. अव्वा मधल्या खोलीत, त्यांची झोप सावध. आम्हा दोघांना नवरा-बायको म्हणून बोलायला आठवड्यात एक तास मिळायचा, तो सोमवारी पहाटेचा. मी यांच्याबरोबर गाडीत बसून लोह्यापर्यंत जायची. तिथं स्टँडवर उतरायची, पहिल्या एस.टी.नं परत यायची आणि साडेदहाला शाळेत हजर.

पहिल्या सोमवारी मी अव्वांना सांगितलं, लोह्याला मैत्रिणीला एक पुस्तक द्यायचं आहे. "एवढ्या पाहटं?" एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या सोमवारी मी पिशवी उचलली तर ती जड लागली. आत फडक्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "मैत्रिणीला बी दे," अव्वा म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी मैत्रीण सांगणं सोडून दिलं.

गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत मी खिडकीशी बसायची. पूल संपला, विष्णुपुरी मागं पडली, ओळखीचं कुणी दिसण्याची भीती गेली की सरकून मधे यायची. यांनी कधी "ये" म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. सोनखेड येईस्तोवर उजाडायला लागायचं. आम्ही काही फार मोठं बोलायचो असं नाही. खोलीवर कोण भाजी करतं, अंगावरचा शर्ट कुणी धुतला, माझ्या वर्गातली कुठली मुलगी लग्नासाठी शाळेतून काढली. मधेच गप्पही बसायचो. पण ते गप्प बसणंही दोघांचं असायचं.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. जूनमधे दोन सरी पडल्या, त्यावर लोकांनी पेरलं, आणि मग आभाळ स्वच्छच राहिलं. दिवाळीपासूनच टँकर सुरू झाले. पुलावरून खाली बघितलं की पात्रात वाळू, आणि वाळूत झरे उकरत बसलेली माणसं दिसायची. यांना आता रविवारसुद्धा पुरता मिळेना. गावोगाव बोलावणी. हे जाऊन जागा दाखवायचे, मागून बोअरची मशीन यायची, आख्खं गाव भोवती उभं राहायचं. मशीन खाली खाली जायची आणि वर येणारी भुकटी कोरडीच राहायची. मग माणसं एकेक करून घरी जायची.

"कुणी चार शब्द बोललं तर बरं वाटंल," एका सोमवारी हे म्हणाले. "कुणी काहीच बोलत नाही. उलट चहा पाजतात."

त्याच हिवाळ्यात अहमदपूरकडच्या एका गावात हे कोरड्या विहिरीत उतरले होते, तळाचा दगड बघायला. वर येताना पायरीचा दगड निसटला आणि सगळा भार डाव्या हातावर आला. वरच्या लोकांनी दोरानं ओढून घेतलं. हाड मोडलं नव्हतं, म्हणून यांनी दुर्लक्ष केलं. महिनाभरात खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. शर्टाची डावी बाही मी घालून द्यायची, आणि लातूरला कोण घालून देतं हे मी विचारायची नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याला वर्षभर लागेल, जपून राहा.

हात जपून ठेवायचा तर गाडी कशी चालवायची? हँड गिअरला हात उचलूनच धरावा लागतो. पहिला आणि रिव्हर्स टाकताना तर दांडी आपल्याकडे ओढून वर न्यावी लागायची.

एका सोमवारी पुलाच्या अलीकडच्या चढाला यांनी गिअर बदलायला हात उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. गाडी धडधडायला लागली, आता बंद पडते की काय असं झालं. मी सरकून दांडी धरली.

"खाली ओढ," हे म्हणाले. मी ओढली. गाडीनं दम घेतला आणि चढ चढून गेली.

त्या दिवशी लोह्यापर्यंत सगळे गिअर मीच टाकले. हे क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "दुसरा." मी दुसरा टाकायची. "तिसरा." "टॉप." पहिल्यांदा दोनदा खरखर वाजलं. तिसऱ्या आठवड्यात सांगायची गरजच उरली नाही. यांचा डावा गुडघा वर आला की माझा हात आपोआप दांडीवर जायचा. त्यांचे पाय, माझा हात आणि मधे एक गाडी. सोनखेडच्या बाजारात बैलगाड्यांमधून आम्ही अशी गाडी काढायचो की बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये.

हे लिहिताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. रस्त्याच्या कडेला बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या असायच्या, यांचा हात दुखत असायचा, आणि मी मात्र मंगळवारपासून पुढच्या सोमवारची वाट बघायची. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा उजवा हात उगाच वरखाली व्हायचा. मुली हसायच्या.

परतीच्या एस.टी.त मात्र जीव थाऱ्यावर नसायचा. मी उतरले की पुढं लातूरपर्यंत गिअर कोण टाकतं? विचारलं तर हे म्हणायचे, "पुढं रस्ता मोकळा असतो. एकदा टॉपवर टाकली की थेट लातूर." मला गाडी चालवता येत नव्हती, पण माळाकोळीची वळणं आणि अहमदपूरचा बाजार मला माहीत होता.

एका शनिवारी गाडी घरापुढं थांबली तेव्हा पुढचा डावा दिवा फुटलेला होता आणि पत्रा आत गेला होता. "बैल आडवा आला," हे म्हणाले. अव्वांनी मिठानं दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी गाडी देगलूर नाक्यावरच्या मिस्त्रींकडे न्यायची होती. यांना हात उचलवेना म्हणून मीही बरोबर गेले. मिस्त्री साठीचे, दाढी पांढरी, डोक्यावर जाळीची टोपी. लिंबाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज. आमच्या गाडीला ते हाताच्या पंजानं थोपटून बोलायचे. त्यांनी फुटका दिवा बघितला, मग यांच्याकडे बघितलं.

"बैलानं असं नाई लागत, साहेब," ते म्हणाले. "हे दगडाचं हाय."

मी तिथंच उभी होते. मग यांनी सगळं सांगितलं, पण मिस्त्रींकडे बघत. माळाकोळीच्या पुढं टँकर उभा होता. बायका रस्ता ओलांडून पळत होत्या. यांनी ब्रेक दाबला, गिअर खाली घ्यायला डावा हात गेला नाही, म्हणून उजवा हात स्टेअरिंगवरून काढून दांडीकडे नेला. तेवढ्यात गाडी कडेला ओढली गेली आणि मैलाच्या दगडाला घासून थांबली. एक बाई घागर टाकून बाजूला झाली म्हणून वाचली. भरलेली घागर चाकाखाली चपटी झाली.

"ती मला काही बोलली नाही," हे म्हणाले. "मातीत जिरणारं पाणी बघत उभी राहिली. माझ्याकडं पाण्याचा कॅन होता, तो मी तिला दिला. तिनं घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही."

मिस्त्रींनी हातातला कपडा खांद्यावर टाकला. "साहेब, हा हँड गिअर काढून टाकू. खालचा बसवू. हात उचलायचं काम नाई. मी हैदराबादहून मागवतो, पुढच्या इतवारी या."

घरी येताना मी गिअर टाकत होते. घरापाशी आल्यावर हे म्हणाले, "तुला काळजी नको म्हणून बैल सांगितला."

"मला कळलं ते," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी लिंबाखाली गोणपाट अंथरून त्यावर दोन गिअर ठेवले होते. एक लांब दांडीचा. तो डॅशबोर्डच्या खालून निघून वाकून माणसाकडे यायचा. त्याच्यासाठी गाडीत काही तोडायची गरज नव्हती, सीट होती तशीच राहिली असती. दुसरा आखूड. तो खाली थेट गिअरबॉक्सवर बसणारा, मांडीच्या उंचीचा. पण त्याच्यासाठी फरशीचा पत्रा कापायचा आणि सीट मधून तोडून दोन करायच्या.

"लांबवाला बसवा," हे लगेच म्हणाले. "चांगली सीट आहे, कशाला कापायची."

मिस्त्रींनी हो-नाही केलं नाही. त्यांनी यांना गाडीत बसवलं. "साहेब, डोळे मिटा. हात सैल सोडा. जिथं पडंल तिथं पडू द्या." यांनी डोळे मिटले. हात मांडीशेजारी सीटवर पडला. मिस्त्रींनी खडूनं तिथं खूण केली. "गिअर हितं पाहिजे. हातानं गिअरकडं जायचं नाई. गिअर हाताखाली यायला पाहिजे."

मग त्यांनी लांब दांडी दोन बोल्टांवर तात्पुरती अडकवून दिली. "आता हा बघा. पहिला टाका."

यांनी हात पुढं केला. पहिल्याला आणि तिसऱ्याला दांडी पार पुढं, डॅशबोर्डपर्यंत न्यावी लागत होती. हात पुढं गेला आणि खालचा ओठ दाताखाली गेला. दोनदा टाकला, तीनदा टाकला. कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते.

"जमतंय का?" मिस्त्रींनी विचारलं.

"जमतंय."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "भाबी, साहेब खरं सांगून नाई राहिले. तुमी सांगा."

मी गोणपाटाकडे बघितलं. आखूड गिअर लोखंडाचा, ओबडधोबड, कुठल्या तरी यंत्रातून काढून आणल्यासारखा दिसत होता. लांबवाला देखणा होता. "आखूड बसवा," मी म्हणाले.

हे गाडीतून उतरले नाहीत. स्टेअरिंगवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिस्त्रींसमोरच विचारलं, "मग तू कुठं बसणार?"

मिस्त्रींनी चहा सांगून येतो म्हणत चपला सरकवल्या आणि रस्ता ओलांडून गेले. समोरच्या हॉटेलात त्यांना इतका वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

"खिडकीशी बसेन," मी म्हणाले. "सगळ्यांच्या बायका बसतात तशी."

"मला नाही आवडणार ते."

लग्नाला सात वर्षं झाली होती. यांनी मला आवडतं-नावडतं असलं काही इतक्या सरळ कधी सांगितलं नव्हतं. मला तिथंच, त्या ऑइलच्या डागांवर बसून रडावं असं वाटलं. रडले नाही. म्हणाले, "लोह्यापर्यंत मी असते हो. लोह्याच्या पुढं कोण आहे? त्या बाईनं घागर टाकली नसती तर?"

हे मग उतरले, गोणपाटाजवळ उकिडवे बसले आणि आखूड गिअर उजव्या हातानं उचलून त्यांनी त्याचं वजन बघितलं. "ठीक आहे. हाच," म्हणाले.

मिस्त्री आल्यावर बाकीचं मी बोलले. दांडी मला जरा उंच वाटत होती. यांना पुन्हा बसवून, हात सोडायला लावून बघितलं तर खरंच दोन बोटं जास्त होती. मिस्त्रींनी ती कापून द्यायचं कबूल केलं. मग दांडीवरची मूठ. त्यांच्याकडे काचेसारख्या पारदर्शक गोळ्यात गुलाबाचं फूल अडकवलेली एक मूठ होती, ती बसवावी अशी त्यांची फार इच्छा होती. एक काळ्या प्लॅस्टिकची, आकडे कोरलेली. आणि एक साधी लाकडाची, वापरून गुळगुळीत झालेली. मी प्रत्येक मूठ यांच्या तळव्यात ठेवून बघितली. एप्रिल-मेमधे लातूरच्या उन्हात गाडी उभी राहिली की प्लॅस्टिक हात भाजणार. लाकडाची घेतली. मिस्त्रींनी गुलाबाची मूठ पुसून परत डब्यात ठेवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

काम व्हायला चार दिवस लागले. त्या आठवड्यात हे बसनं गेले आणि बसनं आले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मधे फरशीवर काळं रबरी आवरण, त्यातून वर आलेली दांडी आणि दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या सीट. स्टेअरिंगखालची जागा बोडकी दिसत होती. गादीवाल्यानं कडा नीट शिवल्या होत्या. मधून कापलेला गादीचा तुकडा मिस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. "घरी बसायला होईल, भाबी." तो अव्वांनी घेतला. सकाळी कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्या पूजेला बसायच्या त्या आता त्या तुकड्यावर बसायला लागल्या. "मऊ हाय लई," म्हणायच्या. त्यांना मी काही सांगितलं नाही.

पहिला सोमवार आला. पूल ओलांडला. मी खिडकीशीच होते. विष्णुपुरी गेली. यांचा गुडघा वर आला आणि माझा हात उचलला गेला, समोरच्या हवेत. त्याच क्षणी हे म्हणाले, "तिसरा." सवयीनं. मग त्यांनीच खाली हात नेऊन तिसरा टाकला. अलगद पडला. हात मांडीच्या वर उचलावा लागला नाही, तोंडावर कळ दिसली नाही. आम्ही दोघंही हसलो. हसून झाल्यावर मी हात परत मांडीवर घेतला.

मधे एवढंसं अंतर, वीतभराचं. पण ते ओलांडायला आता काही निमित्त नव्हतं. मी दोन-तीनदा दांडीवरच्या यांच्या हातावर हात ठेवून बघितला. पण गिअर बदलताना तो काढावा लागायचा, नाही तर अडचण व्हायची. मग ठेवायची नाही. लोह्याला उतरल्यावर मात्र पहिल्यांदाच मी निर्धास्त एस.टी.त बसले आणि कंधारकडच्या एका बाईशी तिच्या सुनेबद्दल गप्पा मारत नांदेडला आले.

गिअरनं काम चोख केलं. उन्हाळाभर हे त्याच गाडीनं लातूर-अहमदपूर-चाकूर करत राहिले. दुष्काळ हटला, पुढचं वर्ष बरं गेलं. खांदाही डॉक्टर म्हणाले होते त्याच्यापेक्षा थोडा उशिरा, पण सुटला. एका रविवारी हे शर्ट घालताना मी बाही धरायला गेले तर त्यांनी आपली आपण घातली होती. मी रिकाम्या हातानं तिथंच उभी राहिले.

दीडेक वर्षानं लातूरच्या एका नव्या शाळेत मला जागा मिळाली. आश्चर्य म्हणजे अव्वाही यायला निघाल्या. नांदेडचे ते डॉक्टर वारले होते. औसा रोडकडं आम्ही तीन खोल्यांचं घर घेतलं. मी इतकी वर्षं जे मागत होते ते सगळं एकदम मिळालं: रोजचा चहा, रोजचं जेवण, यांचा शर्ट माझ्या दोरीवर. डबा घेऊन ऑफिसात जायची गरजच पडली नाही, घर पाच मिनिटांवर होतं, हे जेवायलाच यायचे. जेवताना रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे. मी वह्या तपासायची. कुणाचंच काही चुकत नव्हतं. आम्ही भांडतही नव्हतो. फक्त आठवडे यायचे आणि जायचे, आणि सोमवार हा मंगळवारसारखाच एक वार झाला होता.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. अव्वा त्यांच्या आधी गेल्या. लोकांना वाटतं मला यांची आठवण येते ती आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांची, किंवा लग्नाच्या वेळची. तशी येतेच. पण जी ओढ लागते ती त्या एका तासाची, आणि ती तर हे जिवंत असतानाच लागायला लागली होती. समोर बसून भाकरी खाणाऱ्या माणसाची आठवण येते, हे कुणाला सांगायचं?

लातूरला येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी होती. दुपारी हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी म्हणाले, "अहो, मला जरा गाडीतून अहमदपूरकडं नेता का?"

"काय काम आहे?"

"काम काही नाही."

त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, मग कशाला. पण ते उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चपला घातल्या.

चाकूरच्या पुढं एका ठिकाणी यांनी गाडी हमरस्ता सोडून आत घेतली.  दोन-तीन मैलांवर एक गाव आलं. मारुतीच्या देवळाशेजारी हापसा होता, भोवती चिखल, चिखलात दोन-तीन म्हशी. हे गाडीतून उतरले आणि हापशापाशी जाऊन उभे राहिले. पाणी भरत असलेल्या बाईनं डोक्यावरचा पदर सावरला.

"पाणी चांगलं आहे का याचं?" यांनी विचारलं.

"लई गोड हाय. प्या की," ती म्हणाली आणि स्वतःच दांडा मारायला लागली. यांनी ओंजळ धरली. पोटभर प्याले, तोंडावर पाणी मारलं. आपण कोण हे त्यांनी तिला सांगितलं नाही. तिनं मलाही बोलावलं. मीही प्याले.

गाडीत बसल्यावर यांनी किल्ली फिरवली नाही. "तेव्हाचा आहे हा," ते म्हणाले. "त्या वर्षी ह्याच्या आधी ओळीनं अकरा कोरडे गेले होते. बारावा इथं दाखवला. मशीनवाला म्हणाला, साहेब, आता पुरे करा, लोकांची तोंडं बघवत नाहीत. मी म्हटलं, अजून एक नळी टाक. ते तुला मी सांगितलं नव्हतं."

"नाही," मी म्हणाले.

"तेव्हा कुणाला सांगावं असं वाटायचंच नाही. कोरडे गेले ते तरी कुठं सांगितले."

मग ते बोलत राहिले. परतीच्या सगळ्या रस्त्यावर, त्या अकरा गावांबद्दल. कुठल्या गावात म्हाताऱ्यानं पाणी लागलं नाही तरी हार घातला, कुठल्या गावात लोकांनी यांना न जेवता जाऊ दिलं नाही आणि त्या घरात पिठाचा डबा रिकामा झालेला यांनी बघितला. मी ऐकत होते. मधेच काही विचारत होते. चाकूरला हॉटेलसमोर थांबून आम्ही भजी खाल्ली, तेव्हाही ते बोलतच होते. भजी निवून गेली.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अव्वा दारात बसल्या होत्या. "कुठं गेलता दोघं?" त्यांनी विचारलं.

"हिला काम होतं," हे म्हणाले आणि बादली घेऊन गाडीच्या चाकांचा चिखल धुवायला गेले.